नावांचा बाजार : पैसे पाठवण्याआधी चारचौघांत विचारा

मागच्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी लिहिलं होतं, की वेबसाइटचं नाव, म्हणजे डोमेन, विकत घेऊन पुन्हा विकता येतं आणि माझं घर त्याच व्यवसायावर चालतं. त्यावर पत्रांचा ढीग आला. नाशिकला माझं डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, बिलबुकं आणि व्हिजिटिंग कार्डांबरोबर गिऱ्हाइकांना डोमेन नोंदवून द्यायचे. त्यातूनच हळूहळू नावांच्या खरेदी-विक्रीत शिरले. पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. नावं गाळली आहेत, गावं ठेवली आहेत.

ताई, आमचा हळदीचा व्यापार आहे. मुलानं २०१६ साली हळदीच्या इंग्रजी नावाचं एक डॉट कॉम घेऊन ठेवलं होतं. ते आम्ही फारसं वापरत नाही. गेल्या आठवड्यात एका परदेशी गुंतवणूकदाराचा ईमेल आला. तो चौदा हजार डॉलर द्यायला तयार आहे. फक्त नावाचं मूल्यांकन प्रमाणपत्र हवं म्हणतो. ते कुठून घ्यायचं हेही त्यानंच सांगितलं. फी नव्वद डॉलर. मुलगा म्हणतो, भरून टाकू. भरू का? (सांगली)

नका भरू. चौदा हजार डॉलर नाहीत आणि गुंतवणूकदारही नाही. प्रमाणपत्र मागणारा आणि प्रमाणपत्र विकणारा एकच आहे.

तुम्ही चारही ईमेल जोडलेत हे फार चांगलं केलंत, कारण फसवणुकीची रीत त्यात पायरीपायरीनं दिसते. पहिल्या ईमेलमध्ये दोनच ओळी आहेत : नाव विकायचं आहे का, किती घेणार? दुसऱ्यात तुम्ही सांगितलेली किंमत घासाघीस न करता मान्य. इथेच थांबायला हवं होतं. चौदा हजार डॉलर देणारा खरा माणूस निदान बारावर तरी आणू पाहतो. तिसऱ्या ईमेलमध्ये तो म्हणतो, मागे माझी फसवणूक झाली होती, म्हणून आता मी मूल्यांकनाशिवाय आणि ट्रेडमार्कच्या तपासणीशिवाय घेत नाही. वर अशी मेखही मारली आहे, की मूल्यांकन माणसानं केलेलं हवं, यंत्रानं काढलेला फुकटचा आकडा चालणार नाही. चौथ्यात एक दुवा आहे. तिथे कुणीतरी 'चांगली मूल्यांकन सेवा कुठली?' असं विचारलंय आणि खाली दुसऱ्या कुणी एका सेवेची भरभरून शिफारस केली आहे. ते विचारणारा आणि सांगणाराही तोच असतो. तुम्ही नव्वद डॉलर भरता, पीडीएफ येते, त्यात चौदाचे अठरा हजारही झालेले असतात, आणि त्यानंतर त्या गृहस्थांचं उत्तर येणं बंद होतं.

रक्कम मुद्दाम लहान ठेवलेली असते. नव्वद डॉलरसाठी सांगलीचा माणूस परदेशात तक्रार करत बसणार नाही, हे त्याला ठाऊक असतं.

आता असं करा. त्याला एकच उत्तर लिहा : 'व्यवहार एस्क्रोतून करू, तिथली निम्मी फी मी देतो, मूल्यांकन तुम्हाला हवं असेल तर तुम्ही करून घ्या.' एस्क्रो म्हणजे मधला विश्वस्त. घेणारा त्याच्याकडे पैसे जमा करतो, मग विकणारा नाव हस्तांतरित करतो, घेणाऱ्यानं नाव मिळाल्याचं कळवलं की पैसे सुटतात. खरा गिऱ्हाईक याला लगेच हो म्हणतो.

दुसरं काम मुलाला सांगा. त्या ईमेलमधलं एक अख्खं वाक्य उचलून शोधयंत्रात टाकायचं. डोमेनचा व्यापार करणारी जगभरची माणसं नेमप्रोजसारख्या ऑनलाइन चर्चामंचांवर एकमेकांना असे ईमेल उघडपणे दाखवतात, आणि ही युक्ती इतकी जुनी आहे, की तीच वाक्यं त्याच स्वल्पविरामांसह दुसऱ्या कुणाला आलेली सापडण्याची दाट शक्यता आहे. लोक संकोचतात. आपलं अज्ञान दिसेल म्हणून विचारत नाहीत. फसवणाऱ्याचा सगळा धंदा त्या संकोचावर चालतो.

नावाची खरी किंमत अजमावायची असेल तर नेमबायो या वेबसाइटवर आजवर जाहीर झालेल्या विक्रीच्या नोंदी बघायला मिळतात. हळदीच्या शब्दाची, मसाल्यांच्या शब्दांची नावं कितीला गेली ते पाहा. त्यातली सगळ्यात मोठी नाही, मधली रक्कम धरा.

आणखी एक. काही महिन्यांत तुम्हाला चीनमधून ईमेल येईल, की कुणीतरी तुमच्या फर्मच्या नावाचं डॉट सीएन नोंदवायला आलंय, तुम्ही हरकत घेणार का? तोही असाच पैसे उकळण्याचा प्रकार. उत्तर देऊ नका.

मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. चॅट डॉट कॉम, व्हॉइस डॉट कॉम कोट्यवधींना गेल्याच्या बातम्या वाचल्या. जिओहॉटस्टारचं नाव एका मुलानं आधीच घेऊन ठेवलं होतं, तेही वाचलं. एकत्र येतील असं बोललं जातंय अशा कंपन्यांची आणि नाव बदललेल्या शहरांची मिळून पन्नास नावं घ्यायची आहेत. शिकवण्या घेऊन साठवलेले साठ हजार रुपये आहेत. यादी अजून कुणाला दाखवलेली नाही. (छत्रपती संभाजीनगर)

तुझ्या यादीतला कंपन्यांच्या जोडनावांचा भाग आजच फाडून टाक. मी हे कळकळीनं सांगते आहे.

जिओहॉटस्टारचं प्रकरण तू अर्धं वाचलंस. दिल्लीच्या त्या तरुणानं २०२३ मध्ये ते नाव घेतलं. हॉटस्टारचे ग्राहक कमी होत आहेत आणि डिस्ने भारतात जोडीदार शोधते आहे, हे त्यानं वाचलं होतं. पूर्वी जिओनं सावन ही गाण्यांची सेवा घेतल्यावर तिचं जिओसावन झालं, हेही त्याच्या लक्षात होतं. त्याचा अंदाज अचूक ठरला, याबद्दल त्याला मानलंच पाहिजे. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यानं त्याच नावाच्या वेबसाइटवर खुलं पत्र लिहिलं, की केंब्रिजच्या शिक्षणाचा खर्च द्या आणि नाव घ्या. तो खर्च होता ९३,३४५ पौंड. रिलायन्सनं नकार दिला आणि कायदेशीर कारवाईची भाषा सुरू झाली. पुढे दुबईत राहणाऱ्या दोन भावंडांनी ते नाव घेतलं आणि कंपनीला विनामोबदला द्यायची तयारी दाखवली. बातम्यांत त्या तरुणाचं कौतुक झालं ते त्याच्या तर्काचं. पैसे मिळाले असं तू कुठे वाचलंस का?

आपल्याकडची न्यायालयं या बाबतीत फार आधीपासून स्पष्ट आहेत. १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर रेडिफ या इंटरनेट कंपनीचा खटला आला. समोरच्यानं 'रेडिफ'मधलं एक अक्षर बदलून 'रॅडिफ' डॉट कॉम घेतलं होतं. न्यायालयानं डोमेनला ट्रेडमार्कसारखंच संरक्षण दिलं. २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानंही तेच तत्त्व उचलून धरलं. त्याशिवाय डॉट कॉमसाठी यूडीआरपी आणि डॉट इनसाठी आयएनडीआरपी ही तंटा सोडवण्याची वेगळी यंत्रणा आहे. नाव ट्रेडमार्कशी जुळतं का, तुझा त्यावर काही रास्त हक्क आहे का आणि हेतू वाईट आहे का, या तीन गोष्टी तपासतात. 'कंपनीला विकायला घेतलं' हेच वाईट हेतूचं पहिलं उदाहरण म्हणून नियमांत लिहिलेलं आहे. तू कंपनीला किंमत कळवणारा ईमेल पाठवलास, की त्यांच्या वकिलाला हवा तो पुरावा तूच दिलास.

शहरांचं वेगळं आहे. अहिल्यानगर, धाराशिव किंवा तुझं स्वतःचं शहर, या नावांवर कुणा कंपनीची मालकी नाही. पण घेणार कोण? जिल्हा प्रशासन शासकीय पत्ता वापरतं. उरले हॉटेलवाले, जमिनीचे दलाल, स्थानिक बातम्यावाले. ते शहराच्या नावाला स्वतःचं काहीतरी जोडून नवं नाव हजार रुपयांत घेतील. तुला स्वतःला तिथे काही चालवायचं असेल तर एक घे.

आता बातम्यांबद्दल, कारण तुझी खरी गफलत तिथे आहे. व्हॉइस डॉट कॉम २०१९ मध्ये तीन कोटी डॉलरना गेलं हे खरं. विकणारी मायक्रोस्ट्रॅटेजी शेअर बाजारात नोंदलेली कंपनी, म्हणून आकडा जाहीर झाला. चॅट डॉट कॉम २०२३ मध्ये हबस्पॉट कंपनीचे सहसंस्थापक धर्मेश शाह यांनी दीड कोटी डॉलरहून जास्त मोजून घेतलं आणि नंतर ते चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयकडे गेलं. तेही खरं. पण लासवेगास डॉट कॉम नऊ कोटी डॉलरना गेलं असं छापून येतं, तेव्हा ते हप्ते २०४० पर्यंत पसरलेले आहेत हे खाली कुठेतरी असतं. काही प्रचंड आकड्यांमध्ये नावाबरोबर चालता धंदा, कर्मचारी आणि ग्राहकही विकलेले असतात. आणि न विकल्या गेलेल्या नावांची बातमी कुणीच देत नाही. म्हणून या व्यवसायातली प्रत्येक बातमी वाचताना विचारायचं : आकडा कुणी सांगितला, रोख की हप्ते, नुसतं नाव की त्याबरोबर आणखी काही?

तुझा हिशेब मांडू. पन्नास डॉट कॉम म्हणजे कर धरून पन्नास-साठ हजार, तुझी सगळी शिल्लक. पुढच्या वर्षी नूतनीकरणाला पुन्हा तेवढेच. डॉट कॉमचा घाऊक दर २०२१ पर्यंत बरीच वर्षं ७.८५ डॉलरवर होता. नंतर ओळीनं चार वेळा वाढून सप्टेंबर २०२४ मध्ये १०.२६ झाला, म्हणजे सांभाळण्याचा खर्च चढतोच आहे. जाणते व्यापारी शंभर नावांमागे वर्षाला एक-दोन विकली गेली तरी समाधानी असतात. तुझ्या पन्नासांतलं एखादं जाईल किंवा एकही जाणार नाही.

म्हणून पुढचे काही महिने फक्त वाच. डीएन जर्नलमध्ये जाहीर विक्रीच्या याद्या येतात, डोमेन नेम वायरवर तंट्यांच्या आणि धोरणांच्या बातम्या येतात. त्याहून मोलाचे म्हणजे निकाल. वायपो, म्हणजे जागतिक बौद्धिक संपदा संघटना, आणि डॉट इन सांभाळणारी आपली निक्सी, या दोघांकडचे निवाडे कुणालाही वाचता येतात. रोज एक निवाडा वाचलास तर काय घ्यायचं नाही हे पक्कं कळेल, आणि या धंद्यात अर्धी कमाई त्यातच आहे. मग दोन-तीन नावं घे, नोंदणी झाल्यावर चारचौघांत मांड आणि किंमत विचार. अनोळखी माणसं तोंडावर 'शून्य' म्हणतील. ते ऐकायला वाईट वाटतं, पण ते साठ हजारांपेक्षा स्वस्त पडतं.

आमची पतसंस्था आहे. एक एजंट सांगतो, की रिझर्व्ह बँकेच्या नव्या नियमानं सगळ्या वित्तीय संस्थांना 'बँक डॉट इन' घेणं सक्तीचं झालंय. पंचवीस हजारांत करून देतो म्हणतो. (जयसिंगपूर)

त्याला चहा पाजून वाटेला लावा. रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०२५ मध्ये ही घोषणा केली ती बँकांसाठी. त्यांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत नव्या पत्त्यावर जायला सांगितलं होतं. नागरी सहकारी बँकाही त्यात आल्या. ही नावं देण्याचा अधिकार फक्त हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेला आहे. बाहेरचा एजंट ते विकूच शकत नाही. तुमची पतसंस्था सहकार कायद्याखाली नोंदलेली, तिला रिझर्व्ह बँकेचा परवाना नाही आणि नावात 'बँक' लावायलाही बंदी आहे. तो बहुधा तुम्हाला दिसायला तसंच एखादं साधं नाव देईल. ते तुमच्या संस्थेच्या अंगाशी येईल, कारण हे सगळं केलंय तेच खोट्या बँकांच्या पत्त्यांपासून ठेवीदारांना वाचवायला. बिगरबँक संस्थांसाठी 'फिन डॉट इन'ही जाहीर झालं आहे. त्याबद्दल विचारायचं तर थेट आयडीआरबीटीला विचारा. आणि हा एजंट तालुक्यातल्या इतर पतसंस्थांकडेही गेला असणार. फेडरेशनच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या.

दापोलीजवळ आमचं होमस्टे आहे. बरीच वर्षं चालू असलेली वेबसाइट अचानक दिसेनाशी झाली. ज्या मुलानं ती करून दिली तो गाव सोडून गेला, रिन्यूअलचे ईमेल त्याच्याकडेच जात होते. आता त्या पत्त्यावर 'हे नाव विक्रीला आहे, १८०० डॉलर' असं येतं. हे कायदेशीर आहे का? पोलिसांत जावं का? (दापोली)

तुमचा संताप समजते. इतक्या वर्षांचे पाहुणे त्या पत्त्यावर येत होते. पण ही चोरी नाही, पोलिस काही करू शकणार नाहीत.

काय झालं ते सांगते. डॉट कॉमची मुदत संपली की नाव लगेच जात नाही. रजिस्ट्रार, म्हणजे ज्या कंपनीकडे नोंदणी केली ती, साधारण महिना-दीड महिना सवलत देते. बऱ्याच ठिकाणी याच काळात नाव लिलावाला निघतं. कुणी घेतलं नाही तर पुढचे तीस दिवस जुन्या मालकाला जबर दंड भरून ते सोडवता येतं. मग पाच दिवस कुणालाच हात लावता येत नाही, आणि त्यानंतर नाव मोकळं होतं. त्या क्षणाला ड्रॉपकॅचसारख्या सेवांची यंत्रं झडप घालतात. तुमच्या नावाला जुने दुवे होते, पर्यटनाच्या पानांवर उल्लेख होते, म्हणून कुणाला तरी ते घ्यावंसं वाटलं.

यूडीआरपीत तक्रार करता येईल का? वायपोकडे एका पंचासमोर तक्रार दाखल करायलाच १५०० डॉलर लागतात, वकील वेगळा. शिवाय तुमचं नाव गावाचं नाव आणि 'होमस्टे' असं आहे, ट्रेडमार्क नोंदलेला नाही. पारडं हलकं राहील.

त्यापेक्षा पहिल्यांदा आज संध्याकाळच्या आत त्याच नावाचं डॉट इन घ्या, स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या मोबाइल क्रमांकावर. गूगल मॅपवरच्या तुमच्या नोंदीत जुना पत्ता असेल तो बदला, कारण पाहुणे तिथून येतात. बुकिंगच्या साइट्सवर, हर्णैच्या रस्त्यावरच्या पाटीवर, सगळीकडे. हे झालं, की नव्या मालकाला शांतपणे लिहा : आम्ही जुने वापरकर्ते, छोटं होमस्टे, तीनशे डॉलर देऊ शकतो. उत्तर आलं नाही तर पाठपुरावा करू नका. त्यालाही दरवर्षी नूतनीकरण भरायचं आहे. मुदतीची तारीख कुणालाही ऑनलाइन बघता येते, ती कॅलेंडरवर लिहून ठेवा. 'दापोलीच्या होमस्टे'ला दुसरा गिऱ्हाईक सहजी मिळत नाही, हे त्याला वर्षभरात कळेल.

पुढे लिलावात उतरायची वेळ आली, तर मनाशी वरची मर्यादा आधी ठरवा. स्नॅपनेम्स या मोठ्या लिलावगृहाची गोष्ट आमच्या व्यवसायात अजून सांगितली जाते. तिथे 'हाल्वारेझ' नावाचा एक बोली लावणारा होता. तो भाव चढवायचा आणि बऱ्याचदा ऐन वेळी बाजूला व्हायचा. ग्राहकांत त्या नावाबद्दल कुजबुज होती. नोव्हेंबर २००९ मध्ये कंपनीनंच कबूल केलं, की तो त्यांचाच एक बडा कर्मचारी होता आणि २००५ पासून हे चालू होतं. ज्यांना त्यामुळे जास्त पैसे मोजावे लागले, त्यांना फरक व्याजासह परत देऊ केला गेला. त्या प्रकरणानंतर माझ्यासारख्या लहान खरेदीदारांना एक धीर आला, की आपल्याला खटकतंय ते बोलून दाखवलं पाहिजे, समोरची कंपनी कितीही मोठी असो.

टेलिग्रामच्या एका गटात तीन अक्षरी डॉट कॉम २००० डॉलरना मिळतंय. मालकाला पैशांची निकड आहे, आज रात्रीपर्यंत क्रिप्टोत द्या म्हणतो. ऑथ कोडही (नाव दुसरीकडे हलवायला लागणारा गुप्त संकेत) दाखवला. घेऊ? (पिंपरी)

तीन अक्षरांची डॉट कॉम नावं जगात १७,५७६ आहेत. सगळी कधीच घेतली गेली आहेत आणि त्यांतलं सामान्यातलं सामान्य नावही या किमतीच्या कैक पट पैशांना जातं. निकड असलेला मालक ते कुठल्याही व्यापाऱ्याला तासाभरात दहापट दरानं देऊ शकला असता. तो टेलिग्रामवर अनोळखी माणसाला दोन हजारांत का देतोय? नाव चोरीचं आहे किंवा त्याच्याकडे नावच नाही. ऑथ कोड दाखवला यानं मालकी सिद्ध होत नाही. चोराकडेही तो असतोच.

पीटूपी डॉट कॉमचं प्रकरण वाचा. २००६ मध्ये मालकांच्या खात्यात शिरून ते पळवलं गेलं आणि ईबेवर एका प्रसिद्ध अमेरिकी बास्केटबॉलपटूला १,११,००० डॉलरना विकलं गेलं. घेणारा निर्दोष होता, त्यानं पूर्ण किंमत मोजली होती. चोराला २०११ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली, पण मूळ मालकांची तोवरची वर्षं पोलिसांना 'नाव चोरीला जातं म्हणजे काय' हे समजावण्यात गेली. त्याआधीचं सेक्स डॉट कॉमचं प्रकरण तर एका बनावट पत्रावर घडलं. १९९५ मध्ये रजिस्ट्रारनं ते पत्र खरं मानून नाव भलत्याच माणसाला दिलं. मालक गॅरी क्रेमेन वर्षानुवर्षं लढले. २००३ मध्ये अमेरिकी अपील न्यायालयानं डोमेन ही मालमत्ता आहे, असा निर्वाळा दिला. आज चोरीच्या नावावर दाद मागता येते ती त्यांच्या चिकाटीमुळे, आणि मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे.

असं नाव समोर आलं की तपासायचं काय? रजिस्ट्रार अलीकडे बदलला आहे का. गेल्या पंधरवड्यात बदल दिसला तर सावध. मे २०१८ पासून युरोपच्या गोपनीयता कायद्यामुळे डोमेनच्या सार्वजनिक नोंदीतली मालकांची नावं झाकली जातात, पण जुन्या नोंदी आणि जुनी पानं जतन केलेली सापडतात. तिथे वर्षानुवर्षं एखाद्या कंपनीचं नाव असेल तर त्या कंपनीला फोन लावा. ईमेल नको, कारण चोरानं आधी त्यांचं ईमेल खातंच ताब्यात घेतलेलं असू शकतं. विचारा : तुमचं नाव तुम्ही विकायला काढलंय का? बहुतेकदा पलीकडच्या माणसाला पहिला धक्का तुमच्याकडूनच बसतो. तुम्ही त्याची कित्येक वर्षांची मिळकत वाचवता.

एस्क्रोबद्दल एक गैरसमजही दूर करते. एस्क्रो पैसे सांभाळतो, मालकी खरी की खोटी याची हमी देत नाही. तुम्हाला नाव मिळालं, तुम्ही 'मिळालं' म्हणालात, पैसे सुटले, आणि महिन्यानं खरा मालक दारात आला तर एस्क्रोवाल्याचा दोष नाही. म्हणून आधी तपास, मग एस्क्रो. आणि क्रिप्टोत आज रात्रीपर्यंत, हे तर नाहीच.

आमच्या स्टार्टअपचं नाव डॉट आयओवर आहे. हे आयओ ज्या चागोस बेटांच्या प्रदेशाचं, ती बेटं ब्रिटननं मॉरिशसला द्यायचं ठरवलंय, तर आयओ बंद होणार अशा बातम्या फिरताहेत. (बाणेर, पुणे)

चागोस बेटांबाबतची घोषणा ऑक्टोबर २०२४ ची, आणि करारावर सह्या झाल्या मे २०२५ मध्ये. आयओ हा त्या प्रदेशाचा आंतरराष्ट्रीय यादीतला संकेत आहे. तो यादीतून गेला तरच डॉट आयओच्या निवृत्तीचा प्रश्न येतो, आणि तेव्हाही अनेक वर्षांची मुदत मिळते. युगोस्लाव्हियाचं डॉट वाययू २०१० मध्ये पुसलं गेलं, सोव्हिएत संघाचं डॉट एसयू मात्र देश संपल्यानंतरही चालत राहिलं. घाबरून विकू नका. अशा बातम्या पसरवणाऱ्यांत स्वस्तात आयओ नावं उचलू पाहणारेही असू शकतात. पण तुमचं डॉट कॉम किंवा डॉट इन मिळत असेल, तर ते घेऊन त्याच साइटकडे वळवून ठेवा.

माझं पुस्तकांचं दुकान आहे, मराठी आणि कोंकणी. डॉट भारतमध्ये देवनागरी नाव घ्यावं का? पुढे विकलं जाईल का? (म्हापसा)

घ्या, आणि विकायचं मनात आणू नका. देवनागरीतलं डॉट भारत २७ ऑगस्ट २०१४ ला सुरू झालं. त्यात मराठी आणि कोंकणी दोन्ही आहेत. त्या नावांच्या फेरविक्रीचा बाजार अजून नगण्य आहे, म्हणून भविष्यात भाव येईल असं सांगून कुणी देवनागरी नावांचा गठ्ठा विकू पाहत असेल तर घेऊ नका. दुकानासाठी मात्र मला ते मनापासून आवडतं. वाचक जे नाव दारावर वाचतो तेच फोनवर टंकतो. पुस्तकाच्या आतल्या पानावर मारायच्या शिक्क्यातही ते शोभेल. अडचण ईमेलची. देवनागरी पत्ता अजून कितीतरी फॉर्म स्वीकारत नाहीत. म्हणून त्याबरोबर एक डॉट इन घ्या, ईमेल त्यावर चालवा, आणि दोन्ही नावांच्या मुदतीची तारीख एकच ठेवा म्हणजे एक भरताना दुसरं विसरणार नाही.